सिंधुबाईच्या झिपऱ्या

— नाय नाय, बॉबकट कोण म्हणालं, पुढचेच फक्त — हे इथले, कपाळावरचे — मागचा अंबाडा जसा हाय तसा राहू दे, त्याला हात लावलास तर मी उठून जाईन हां संध्या, हे कापड गळ्यात तसंच घेऊन जाईन रस्त्यानं, मंग सिडकोत तुझ्या पार्लरचं नाव होईल ते होईल. हसू नको. कात्री ठेव खाली. आधी ऐकून घे, मंग काप. काय म्हणता तुम्ही ह्याला — फ्रिंज? आमची आई झिपऱ्या म्हणायची. कपाळावर दोन केस आले की ओरडायची, झिपऱ्या आवर, येडी दिसतेस. आणि आता त्याच झिपऱ्या मी खुर्चीत बसून मुद्दाम काढून घेतेय, बघ. कशाला म्हणून काय विचारतेस? गरम होतं म्हणून. — केस पुढं घेतले की जास्त गरम होतं? तुला होत असंल. मी पहाटेपासून गणेशवाडीत फुलांच्या पाट्या मांडून बसते, ऊन येतं ते थेट तोंडावर, केस असले म्हणजे जरा सावली पडंल. सगळ्या फूलबाजारात विचार, सिंधुबाईचं कपाळ कसं तापतं ते. आणि हात जरा उचल बाई, आमची प्रतिभा यायचीय तुझ्याकडं भुवया कोरायला, ती यायच्या आत मला इथून जायचंय.

प्रतिभा म्हणजे माझी धाकटी जाऊ. उद्या तिच्या पोरीची हळद — सुवर्णाची. म्हणायला ती दिराची पोरगी, हिरामणची, पण प्रतिभा बाळंतपणात जी आजारी पडली ती कितीतरी दिवस उठलीच नाय, तेव्हा सुवर्णा वाढली ती माझ्या मांडीवर, गजऱ्यांच्या टोपल्यांमधे. झेंडू खायची. अजून मला मोठी आई म्हणते. तर परवा आली बाजारात, पाटीपुढं उभी राहिली, म्हणली, मोठी आई, आयत्या वेळी काय कारणं काढू नको, हळदीला तू पुढच्या रांगेत दिसली नाय तर मी पाटावर बसायची नाय. आता बोल! आणि ती बोलली म्हणजे करते, लहानपणी मीच लाडावून ठेवलीय. मी म्हणलं, अगं मागं बसते ना, मागून चांगलं दिसतं. म्हणली, पुढं. म्हणलं, पुढं तो शूटिंगवाला असतो, दिवा डोळ्यावर येतो. म्हणली, पुढं. म्हणून आले तुझ्याकडं. जायचं तर हायच, पोरीचा शब्द मोडवत नाय मला. पण असं उघडं कपाळ घेऊन पुढच्या रांगेत मी बसणार नाय म्हणजे नाय.

तर कसं कापायचं ते सांगते. ही भिंतीवर चिटकवलेली बाई, हिच्यासारखं नको — हिचे केस एका डोळ्यावर पडलेत, मला दोन्ही डोळे लागतात, एका डोळ्यानं फुलं तोलायला लागले तर गिऱ्हाईक तागडी उलटी करून बघंल. आणि ही दुसरी — हिचं एकदम सरळ, एस.टी.च्या खिडकीचा पडदा लावल्यासारखं. तिचं तोंड लांबट हाय, तिला चालतं. माझं गोल. गोल तोंडाला सरळ कापलं की पातेल्यावर झाकण. मला कळतंय गं कपाळातलं, जन्म गेला माझा मुंडावळ्या ओवण्यात — नवरदेव समोर उभा राहिला की दोरा हातात घ्यायच्या आधी सांगते ह्याला शेवंती किती भरायची. अरुंद कपाळाला भरगच्च केली की तो पाटीखाली दडल्यासारखा दिसतो, रुंद कपाळाला पातळ ठेवली की टक्कल उठून दिसतं. आणि बाजूची लोंबती लड बरोबर गालाच्या हाडावरनं उतरली पाहिजे, मंग गोल तोंडसुद्धा जरा ओढल्यासारखं होतं. तसंच कर. मधे दाट, आणि कानाकडं जाता जाता उतरतं, लांब. — तू तेच सांगत होतीस? मंग बोलायचं ना बाई, मी कवाची एकटीच बडबडतेय.

कुठपर्यंत म्हणजे? भुवईपर्यंत. भुवईच्या खालीच जरा. — डोळ्यांत जातील? जाऊ दे. — आखूड शोभंल? अगं शोभायला तर पाहिजेच, लग्नघर हाय, पण शोभणं नंतर, आधी झाकलं पाहिजे. काय झाकलं पाहिजे म्हणजे? कपाळ. कपाळाशिवाय तिथं काय असतं? मोठं हाय माझं कपाळ, म्हणून. — मोठं नाय म्हणतेस? तू कुंदनच्या लग्नाची कॅसेट बघितली नायस वाटतं? नशीबवान हायस. बाकी सगळ्या सिडकोनं बघितली.

कुंदन आमच्या नणंदेचा पोरगा, कळवणचा. गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. आमच्या मालकांना जाऊन तेव्हा नुकतं कुठं वर्ष झालेलं — अंबडला कंपनीत होते, तुझा नवरा ओळखायचा बघ त्यांना, विचार त्याला. तर मांडवात बायका ओळीनं बसलेल्या आणि मी बरोब्बर मधे. कडेला बसायला पाहिजे होतं, माझंच चुकलं, पण पंखा मधे होता गं! प्रतिभा कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. हिला लाव, तिला लाव, मागं तो शूटिंगवाला दिवा घेऊन. माझ्यापुढं आली, हात वर आला — सवयीनं आला तिचा हात, लग्न होऊन आली तवापासून प्रत्येक सणाला मला पहिलं तीच लावायची — आणि थांबला. इथं, नाकापुढं. बोटाला कुंकू तसंच. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते. लावावं तर सगळ्या बघतायत, नाय लावावं तर हात वर हाय, आता त्याचं करायचं काय? तर त्या गडबडीत तिनं ते स्वतःलाच लावलं! आधीचं होतंच, त्याच्यावर दुसरं. आणि गेली पुढं. मी काय करणार, मी पर्स उघडली आणि आत बघत बसले. काय होतं आत? काय नव्हतं, रुमाल नि किल्ली. पण मी अशी बघत होते जसं काय आत कुणी हाक मारतंय.

आता इथंच संपलं असतं की नाय? माणसं विसरतात. पण ती कॅसेट विसरंल तर ना! त्या शूटिंगवाल्यानं मिक्सिंग केलं, त्यात मधे मधे काय काय टाकतात ना — बदाम, फुलपाखरं — तर ह्या बाबानं नेमकं माझ्या तोंडाभोवती गुलाब फुलवला. मी पर्समधे तोंड घालून बसलेय आणि माझ्याभोवती ह्या एवढाल्या पाकळ्या उघडतायत, मागं सनई. आणि गुलाब तरी धड? देठ वर! मी फुलं विकणारी बाई, मला उलट्या गुलाबात बसवलं. हिरामणनं व्हीसीआर घेतलाय, आला पाहुणा की लाव कॅसेट. माझी जागा जवळ आली की प्रतिभा लगेच उठते, चहा ठेवते म्हणते — एका बैठकीत तीनदा चहा झालाय त्या घरात. आणि हिरामणला वाटतं वहिनीला वाईट नको वाटायला, म्हणून तो पुढं पळवायचं बटण दाबतो, तर ते मेलं नेमकं तिथंच अडकतं, पडद्यावर रेघा येतात आणि माझं तोंड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतं. मंग ज्यांचं लक्ष नव्हतं तेपण विचारतात, ह्या कोण? आणि उद्याला परत तोच शूटिंगवाला सांगितलाय. हिरामणला गुलाब आवडला.

हां, घे आता, पाणी मार आणि काप. बारीक बारीक घे, एकदम कचकन नको. — तर माझं म्हणणं असं, की उद्या केस पुढं असले म्हणजे कुणाला काय ठरवायलाच नको. प्रतिभा येईल, करंडा हातात, बघंल, तर इथं केस. म्हणंल, वहिनी, तुमचे केस आडवे येतायत. मी म्हणीन, हो ना गं, कापून घेतले नि पस्तावले. झालं! ती पुढं. दोष केसांचा. तिचा नाय, माझा नाय, देवाचापण नाय. आणि मला पर्स उघडायला नको. तिच्यावर राग नाय गं माझा, जीव लावते ती मला, तिचं तर त्या दिवसापासून तोंड उतरतं मला बघितलं की. तिचीपण सुटका होईल. आणि दाट ठेव हां मधे, वारा आला, पंखा आला तरी हलले नाय पाहिजेत — उलट घामानं निसटली तरी केसातच अडकून राहील, खाली पडायची नाय —

काय? कोण निसटली? कोण नाय. केस निसटले म्हणलं मी. कात्री का थांबवलीस? चालव कात्री.

अशी आरशातनं बघू नको माझ्याकडं. — बरं बाई, पडदा ओढ त्या दाराचा. तुझी सासू आत नाय ना? झोपलीय? नक्की? तर दे ती माझी पिशवी, त्यात चष्म्याचं घर हाय. उघड. आत झाकणाला बघ. — हां. टिकली. मरून, मधली, फार मोठी नाय. माझीच हाय, दुसऱ्या कुणाची असणार माझ्या चष्म्याच्या घरात? घरात लावते मी. आंघोळ झाली की लावते, दूधवाला आला की काढते, तो गेला की परत लावते. गोंद पार गेलाय तिचा. एकदा घाईत काढून दाराच्या कडीला चिकटवली आणि विसरले, तर मालकांच्या अक्काबाई आत्या येऊन बसलेल्या, कडीकडं बघतायत. म्हणल्या, ही कुणाची गं सिंधू? म्हणलं, कडीची. शोभेला लावलीय. त्या अर्धा तास त्या कडीकडं बघत होत्या नि मी त्यांना चिवडा देत होते. ह्याच अक्काबाई आत्या हां. मालक गेले तेव्हा ह्यांनीच ओल्या हातानं माझं कपाळ पुसलं आणि मंग त्याच हातानं मला चहा दिला. चहात साखर लय होती. त्या दिवसाचं मला बाकी काय आठवत नाय, साखर आठवते.

तर असं हाय. वरनं केस, खाली टिकली. कुणाला दिसणार नाय, मला तर माहीत असंल ना. सुवर्णाला हळद लागताना मी सगळी तिथं बसलेली असंन, अर्धी घरी ठेवून नाय. आणि टिकली काय मालकांनी आणलेली का? तू सांग. शाळेत जायच्या आधीपासून लावते मी, आईनं पिंजर लावलेली पहिली, तेव्हा हे मालक कुठं होते कुणाला ठाऊक, नाक पुसत फिरत असतील. त्यांनी जन्मात कधी मला टिकलीचं पाकीट आणलं नाय. ते आणायचे साबण. कंपनीतनं मिळायचा, पिवळा, कपडे नि तोंड दोन्हीला तोच. त्यांच्या मागं साबण नाय काढून घेतला कुणी माझ्याकडनं! — हसतेस काय, खरंच सांगतेय. लय चांगला माणूस होता. वास येतो अजून त्या साबणाचा कुठं कुठं, अंबडकडनं बस आली की. पण टिकली माझी होती.

झालं? बघू. वाळव आधी, ओल्यावर काय कळत नाय. — गरम लागतंय गं, लांब धर. — बघू. अगं बाई. अगं चांगलं दिसतंय की! गाल कमी झाले. नाय, खरंच, लांबट दिसतंय तोंड, आमच्या आईला बोलवून दाखवावं असं. लाव बघू आता ती टिकली, दिसते का बघू. लाव, लाव, तुझा हात पुसलेला हाय ना. आता सोड केस. — हे काय? हे मधेच का फाकलं? परत विंचर. — परत फाकलं. तू काय केलंस? भोवरा? कपाळावर कुठं भोवरा असतो का, भोवरा मागं असतो, डोक्यावर. — असतो? माझ्या कपाळावर हाय? इतकी वर्षं मी ह्या डोक्याखाली राहते, मला कुणी सांगितलं नाय! म्हणून आई तेल थापायची तिथं. दाब मंग. चिमटा लाव. पाणी मार. अजून मार. — आता काढ चिमटा. — घ्या. पडदा सारल्यासारखे दोन्हीकडं झाले, आणि कुठं? नेमके टिकलीवर. बोटभर इकडं नाय, बोटभर तिकडं नाय! तो फवारा मार, तो डब्यातला. — पुरे, पुरे, द्राक्षावर मारतात तसं मारू नको, डोळ्यांत गेलं. — आता तर कडक होऊन फाकले. आता हलायचेपण नाय. संध्या, मी काय करू आता? तोडलेली फुलं परत झाडाला लागतात का, हे केस उद्यापर्यंत वाढणार हायत का? टिकली काढ. काढ ती, पूस सगळं, मी नाय जात उद्या, सांगते ताप आलाय, पोरगी पाटावर बसली तर बसली —

थांब.

थांब जरा, पुसू नको. खुर्ची पुढं घे. चष्मा दे माझा.

हीच की मी. अगं, मी अशी दिसायचे. दोन वर्षं घरात लावते पण बघितलं नाय गं कधी नीट, घाईघाईनं लावते, कान दाराकडं असतो. आवडते मला. लाज वाटते सांगायला पण लय आवडते, काढली की मी मलाच पाहुण्यासारखी दिसते. आणि केस बघ ना — दोन्हीकडनं उतरलेत, मधे मोकळं, टिकली नसती तर हे भकास दिसलं असतं की नाय? तू सांग, तुझा धंदा हाय. ह्या केसांना टिकली पाहिजेच. मुंडावळ्यांना मधे बाशिंग नसंल तर नुसत्या लडी काय कामाच्या? — तर राहू दे. असंच राहू दे, जाते अशीच. पुढच्या रांगेत बसते, पंख्याखाली. आणि त्या शूटिंगवाल्याला आधीच गाठून सांगणार, गुलाब फुलवायचा तर खुशाल फुलव बाबा, देठ तेवढा खाली ठेव. अक्काबाई आत्या बघतील? बघू देत, त्यांना सांगते, कडीची काढून लावलीय.

कोण वाजवतंय दार? — बघ बघ, फटीतनं बघ. प्रतिभा? आत्ता? तू म्हणालीस ती चारला येणार! आता काय करू मी — मागं दार नाय का तुझ्या घराला? न्हाणीतनं? नाय? — केस ओढ पुढं, ओढ, चिमटा — राहू दे, कडक झालेत. माझी पर्स कुठंय? दे ती पर्स. नाय, नको. नको देऊ. उघड दार. उघड म्हणते ना, बाहेर उन्हात उभी हाय ती.

ये गं प्रतिभा. ये. बघतेस काय अशी, झिपऱ्या कापल्यात. सुवर्णा म्हणाली पुढं बस, तर म्हणलं जरा — बस ना, मी उठते, खुर्ची मोकळीच हाय, तुझ्या भुवया — अगं चप्पल काढ, पुसलेलं हाय. बोल की काहीतरी. रडतेस कशाला, लग्नघरची बाई तू — आणि हात कशाला वर करतेस, प्रतिभा, हात — केस आडवे येतील बघ, केस —

...

वाकडी होती? म्हणून सरळ केलीस टिकली?

एवढा वेळ वाकडी होती, आणि ही बया मागं कंगवा घेऊन नुसती उभी! संध्या, तोंड नाय का तुला? मगापासनं एक शब्द बोलायला काय झालं होतं?